सुनेविरुद्ध दिलेलं मत

इंग्लंडमध्ये राहत असताना राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवरही मला मतदान करता आलं, आणि ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं म्हणून मी मत दिलं. ते चुकलं. ‘युरोपातले लोक यायचे थांबले, की तुमच्या भाच्यांना व्हिसा मिळेल,’ असं प्रचारवाले आम्हाला देवळात येऊन सांगून गेले होते. लबाड लेकाचे! आणि ते खरं मानणारा मी महामूर्ख. भाच्याला व्हिसा मिळालाच नाही. तिथेच दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माझ्या थोरल्या भाऊंनी मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांची सून पोलंडची. तिला मतदानाचा हक्कच नव्हता, आणि निकालानंतर बसमध्ये लोक तिला ‘आता परत जा’ म्हणू लागले होते.

यंदा हिवाळ्यात आम्ही सगळे खानदेशात, आमच्या गावी भडगावला आलो. शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी भाऊंची सून सोलत बसली होती, बोटं काळी झाली होती. मी सहज म्हणालो, “पाहुणीला कशाला कामाला लावता?”

भाऊ ताडकन उठले आणि अहिराणीत कडाडले, “पाहुनी? मनी सून शे ती! तठे तिले हाकललं, आते आठेबी हाकलस का?”

वांग्यावरची नजर न काढता तिने मराठीत विचारलं, “काका, पाहुणी परत कधी जाते?”

स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. सगळ्यांदेखत तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, “सूनबाई, मी तुझ्याविरुद्ध मत दिलं. मला माफ कर.”