जपानी इंजिनाला लावलेलं कुंकू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. तुला का सांगतेय? — ठाऊक नाही. आत टोचत राहतं, एवढंच.

सत्याऐंशी साल असेल. आम्ही इंग्लंडात रीडिंगला होतो. मी एका फ्रेमिंगच्या दुकानात पार्ट टाइम काम करायचे. ह्यांच्या हॉस्पिटलातल्या कन्सल्टंटांनी, म्हणजे वरच्या डॉक्टरसाहेबांनी, एक जुनं जपानी चित्र फ्रेम करायला दिलं — लाकडी ठशांनी छापलेलं. विलायतेहून आलेलं वाफेचं इंजिन, आणि ते बघायला जमलेल्या किमोनोतल्या बायका. काढणाऱ्याने इंजिन धड पाहिलंही नसावं. चाकं रुळांच्या वर तरंगत होती. आभाळ मात्र लालभडक. ह्यांना पुढच्या जॉबसाठी त्या साहेबांचा रेफरन्स हवा होता, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात चित्र घरी आणलं. माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, मीच कापणार होते.

नेमकी खंडेनवमी आली. गाडीला, घर झाडायच्या हूवरला, शिवणयंत्राला हळदकुंकू लावलं — आणि समोर टेबलावर ते इंजिन. काय अवदसा आठवली मला? कुंकवाचं ओलं बोट टेकवलंच. लगेच जीव चरकला. ओल्या कापसाने टिपायला गेले, तर कुंकू तसंच राहिलं, उलट आभाळाचाच रंग सुटला आणि खाली बायकांच्या अंगावर उतरला.

पुढचं — थांब जरा. सांगते.

हे घरी आले, चित्र बघून पांढरेफटक पडले. "कुणी केलं हे?"

"आईंनी," मी म्हटलं. असं पटकन. सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, दारातच उभ्या होत्या. हे त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"चुकलं रे माझं," त्या म्हणाल्या.

साहेबांनी हसून सोडून दिलं. रेफरन्सही मिळाला. सासूबाई मात्र महिन्याभरात परत गेल्या. पुन्हा आल्याच नाहीत, आणि आता त्या नाहीत.

खरं सांगू? माझं खोटं तिथल्या तिथे पकडलं जायला हवं होतं. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली होती. जुन्या वळणाच्या बाई — तेव्हापासून कुंकवाच्या करंड्याला त्यांनी हातही लावला नव्हता. हे मला माहीत होतं. त्यांच्या मुलाला माहीत नव्हतं? पण त्याला ते आठवलं नाही. आठवलं नाही, हे त्यांना दारात उभ्या उभ्या कळलं. मलाही कळलं — आणि मी भाजी चिरायला घेतली.