दोन यंत्रांच्या मधात विमलबाई

मेडशीच्या विमलबाईचं हृदय फुगून थकलं होतं. अंगणवाडीत खिचडी ढवळतानाही तिला दम लागायचा. आधी ठोके मंदावले म्हणून छातीत पेसमेकर बसवला. पुढे ठोके मधूनच बेफाम धावू लागले, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी काखेखाली दुसरं यंत्र घातलं. हृदय भरकटलं की झटका देऊन ताळ्यावर आणणारं.

"एक हाकलणारं, एक आवरणारं. बैलजोडीच झाली माही," ती हसून म्हणाली होती.

थंडीत एका सकाळी ती तुरीच्या शेंगा सोलत होती. एकाएकी तिचं अंग उसळलं, सूप उलटलं.

"घोड्यानं लाथ मारली जनू!" ती कळवळली. तिचा नवरा भिवाजी, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, धावत येतो तोच दुसरा झटका बसला.

पुतण्या संघदीपनं गाडी काढली. अकोल्याच्या रस्त्यानं झटके येतच राहिले. विमलबाई पूर्ण शुद्धीत होती, हेच वाईट होतं.

"मले काहीच होऊन नाही राह्यलं, मंग काहून मारून राह्यलं हे? बंद करा ना हो!"

भिवाजीनं तिला कवटाळलं. जन्मभर गाड्या हाकल्या, पण हे कुठून बंद करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. तिच्या काखेवर हात दाबून तो नुसता रडत राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी काखेखालच्या यंत्रावर लोहचुंबक धरला आणि झटके थांबले. मग त्यांनी समजावलं, "पेसमेकरचे इशारे आणि हृदयाचे ठोके, या यंत्रानं दोन्ही ठोके म्हणूनच मोजले. हृदय दुप्पट धावतंय असं त्याला वाटलं."

"म्हंजे तिचं हृदय ठीक होतं?" भिवाजीनं विचारलं.

"तेव्हा तरी होतं."

"मंग काढून टाका ते."

"उद्या खरंच भरकटलं तर वाचवणार कोण?"

"तो चुंबक तरी द्या मले."

"झटका खरा की खोटा, हे घरी कसं ओळखाल? खऱ्या वेळी चुंबक ठेवलात तर यंत्र झटका देणार नाही, ती जाईल."

भिवाजीनं पुढे केलेला हात मागे घेतला.

नागपूरला दोन्ही यंत्रं नव्यानं जुळवून दिली. "धोका कमी झालाय," एवढंच तिथले डॉक्टर बोलले. त्यानंतर झटका आला नाही. पण विमलबाईनं अंगणवाडी सोडली; लेकरू मांडीवर असताना आला तर, या धास्तीनं. साधी उचकी लागली तरी ती खाटेची कड घट्ट धरते.

परवा तिनं विचारलं, "पुन्हा झटका आला तं काय करसान तुमी?"

"तुह्याजवळ बसन," भिवाजी म्हणाला.