रझियाबाईंचा पश्चिम आशिया

शिक्षकखोलीत सराव परीक्षेचे पेपर तपासत होतो, तेव्हा इक्बालभाईंचा फोन आला. "सर, रझिया गेली सकाळी..." एवढंच बोलले. महाडच्या आमच्या शाळेत त्यांच्या पत्नी रझियाबाई निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवत, मी इतिहास. त्या फोनला महिना होत आला. भेटेल तो म्हणतो, बाई फार प्रेमळ होत्या. होत्याच, पण त्याहीपेक्षा त्या हट्टी होत्या, आणि ते कुणी बोलत नाही.

नववीचा पश्चिम आशियाचा धडा सगळे एका तासात उरकत. वाळवंट, उंट, तेल, संपलं. बाईंना सहा तास लागत. आखातातून सुट्टीवर आलेली माणसं त्या वर्गात आणत. पोलादपूरचे क्रेन चालवणारे तुकारामदादा खडू हातात धरून म्हणाले होते, "वाळू हाय, नाय असं नाय. पण पावसात ओमानातल्या सलालाचे डोंगर आपल्या वरंध घाटासारखे हिरवे होतात. मी बघितलेत." मग बाई येमेनमधली उतारावरची पायऱ्यांची शेतं सांगत, इराकच्या दलदलीतली बोरूची घरं, अरबी, फारसी, कुर्दी, हिब्रू बोलणारे शेजारी... "तिथं नुसतं तेल नाही, माणसं राहतात," म्हणत.

पुढे एका पालकाने तक्रार केली की बाई 'त्यांच्या' देशांचं कौतुक करतात. शाळा समितीची बैठक बसली. बाई शांतपणे म्हणाल्या, "माझा जन्म इथलाच, सावित्री नदीकाठचा. शिकवलेलं चुकीचं काय, तेवढं दाखवा." कुणाला दाखवता आलं नाही. तरी नववी त्यांच्याकडून काढून घेतली. मी तिथेच होतो, आणि कपातल्या चहाकडे बघत बसलो...

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसलात, सर. हे मी विसरणार नाही. रविवारी घरी या, नववीचा वर्ग तिथे घेतेय." गेलो. पुढच्या खोलीत चाळीस मुलं दाटीवाटीने बसली होती. तो वर्ग निवृत्तीनंतरही चालला, आजारपणातही.

गेल्या रविवारी इक्बालभाईंनी खोली झाडून दार उघडं ठेवलं. मुलं आली. शिकवायला मी उभा राहिलो. तेवढ्यात त्या बैठकीतले एक गृहस्थ दारात थबकले. "बाई गेल्या ना? मग आता कशाला हे?"

"आज लेबनॉन आहे," मी म्हणालो. "ऐकायचं असेल तर आत या, जागा करतो."

ते आले नाहीत. मी फळ्यावर समुद्रकिनारा काढायला घेतला.