बॉक्सवाल्या भाईंचा ग्रुप

माझ्या मोठ्या भावाला एवढंच हवं होतं, की दुसरी नोकरी लागेपर्यंत पहिली गेल्याचं गावी आईला आणि वहिनीला कळू नये. फार मोठं मागणं नव्हतं ते. गल्फमध्ये आलेला निम्मा पुरुषवर्ग कधी ना कधी हेच मागत असतो. पण टीव्हीच्या एका बॉक्सपायी ते हातचं गेलं, आणि अजूनही विषय निघाला की माझं डोकं फिरतं.

आम्ही मस्कतमध्ये अल् घुब्र्याला राहतो, मी, नवरा आणि मुलगी. दादा सोहारला, पोलादाच्या कारखान्यात मेंटेनन्सला. म्हणजे तसं मी समजत होते. दर शुक्रवारी सकाळी त्याचा फोन यायचा. काय केलंस, पोरगी काय म्हणते, आईची गोळी बदलली का. मी म्हणायचे, "ये की जेवायला, पापलेट आणलंय." तो म्हणायचा, "शिफ्ट आहे गं." सोहार म्हणजे दोन-अडीच तासांचा रस्ता, त्यात उन्हाळा. मी तरी किती आग्रह करणार? पूर्वी ईदच्या सुट्टीत तरी यायचा. या वर्षी तेव्हाही शिफ्ट निघाली आणि मी फोनवरच त्याच्या कंपनीचा उद्धार केला. तो नुसता हसला.

आता बॉक्सचं सांगते. टीव्हीला जोडायची काळी डबी, तिच्यावर इंटरनेटवरून सगळे मराठी चॅनेल दिसायचे. तिला परवाना-बिरवाना काही नाही हे प्रत्येकाला माहीत होतं, आणि म्हणूनच कुणी विचारत नव्हतं. मी मालिकांसाठी घेतला. नवरा सांगताना क्रिकेटसाठी घेतला म्हणून सांगतो. मिळायचा रुवीत, इथल्या बाजारपेठेत, रत्नागिरीकडच्या एका भाईंच्या दुकानात. मस्कतमधला मराठी माणूस बॉक्स घ्यायचा तो भाईंकडेच. मोबाइल, चार्जर, बॉक्स, सगळं एकाच काउंटरवर, आणि काउंटरपाशी कायम गर्दी. त्या गर्दीत भाई मोठ्याने विचारायचे, "ताई, नंबर बोला. बिल्डिंग बोला." आणि आपण शहाणे लोक सात-आठ परक्या माणसांच्या देखत मोबाइल नंबर, बिल्डिंग, मजला, फ्लॅट सगळं खणखणीत सांगायचो. वर मी सांगितलं होतं, "माणूस दुपारी पाठवा, मी एकटीच असते घरी." माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी तर माझा फ्लॅट नंबर ऐकून "आमचे मेहुणे तुमच्याच खाली राहतात" असं सांगितलं, आणि मला आनंद झाला! परदेशात कोकणी बोलणं कानावर पडलं की आपण इतके पाघळतो.

मग तपासणी सुरू झाली. बिनपरवाना बॉक्स विकणाऱ्यांचा माल उचलून नेतायत, असं रुवीभर झालं. भाईंच्या पलीकडच्या एका दुकानात अधिकारी येऊन गेले आणि बॉक्स कुणाकुणाला विकले तेही विचारलं, म्हणे. भाईंची झोप उडाली. स्वतःपेक्षा आमची काळजी जास्त, हे मी आजही मान्य करते. आपल्या गिऱ्हाइकांच्या दारात कुणी उभं राहायला नको, म्हणून त्यांनी ठरवलं की सगळ्यांना एकदम सावध करायचं. एकेकाला कुठे फोन करत बसणार? त्यांनी फोनवर एक ग्रुप काढला आणि जेवढ्यांना बॉक्स दिला होता तेवढे सगळे त्यात घातले. सरकारपासून आम्हाला लपवायला गेला बिचारा, आणि आम्हा सगळ्यांना एकमेकांसमोर मांडून बसला.

ग्रुपवर पहिलाच आला तो भाईंचा आवाज. "सगल्यांनी बॉक्स काढून ठेवा. माझा मानूस येईल, घेऊन जाईल. कोनाला काय बोलू नका." कुणाला काही बोलू नका, हे शंभरेक माणसांना! आणि आपली माणसं तर काय विचारूच नका. बॉक्स राहिला बाजूला, कुणीतरी लिहिलं, "अरे, तुम्ही पण मस्कतला? चिपळूणचे ना?" झालं. कोण कुठल्या गावचं, कोण कुणाच्या आत्याचा जावई, डोंबिवलीला कुठल्या शाळेत होतात. एका बाईंनी गणपतीत मोदकांची ऑर्डर घेईन म्हणून फोटो टाकला. मी हसून हसून बेजार, नवऱ्याला वाचून दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुकर लावत होते. फोन मुलीच्या हातात होता. ती तिच्या अर्धवट मराठीत म्हणाली, "आई, मामाचा व्हॉइस आहे, ग्रुपमध्ये." मी म्हटलं, मामाचा कसा असेल? मामाचं काय काम त्यात? तिने पुन्हा लावला.

आधी भाई बोलत होते: "रुवीच्या बेकरीवरचे भाऊ, तुमच्या रूमवर मानूस कधी पाठवू?" आणि त्याखाली उत्तर होतं. नंबर माझ्या फोनमध्ये 'दादा' म्हणून असलेला. आवाज दादाचा. "कधीही पाठवा हो. बाकीचे पाच जण कामावर असतात, मी दिवसभर रूमवरच असतो. मला आता कुठे जायचंय?"

भाई त्याच्याशी एकट्याशी बोलतायत असं त्याला वाटलं होतं. खोलीत सगळ्यांत वडील तो, म्हणून बॉक्स त्याच्या नंबरावर घेतलेला.

मी गॅस बंद केला. पुन्हा ऐकलं. मला आधी राग आला, खरं सांगते. माझ्या घरापासून टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटांवर हा माणूस सहा जणांच्या खोलीत राहतो आणि मला शिफ्टच्या गोष्टी सांगतो! मी फोन लावला तर त्याने उचलला नाही. एवढ्यात ग्रुपवर आमच्याच वाडीतल्या एका मुलाने लिहिलं, "काका, तुम्ही रुवीला कधी आलात? सोहार सोडलंत का?" वाईट मनाने नाही लिहिलं त्याने. खाली हात जोडल्याचं चित्रसुद्धा टाकलं होतं. दादाने स्वतःचा आवाज पुसला तोवर उशीर झाला होता.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला, वाडीत बातमी पोचली होती. "वन्सं, हे रुवीत आहेत का हो?" मी म्हटलं, "मलाही आजच कळलं." मग मागून आईचा आवाज आला, "त्याला जेवायला मिळतंय का विचार." तेव्हा मात्र मला रडू फुटलं.

शुक्रवारी आम्ही त्याला आणायला गेलो. बेकरीच्या दारात मी उभी राहिले, नवरा गाडी लावायला गेला. दादा खाली आला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बारीक झालेला. मी जे सुटले ते सुटले. "लाज नाही वाटली? सख्खी बहीण इथे असताना? मी काय मेले होते?" येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "तुझ्याकडे आलो असतो तर त्याच दिवशी आईला कळलं असतं. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही." खरंच होतं ते.

घरी जेवताना त्याने सांगितलं. कारखान्याने माणसं कमी केली, त्यात तो गेला. व्हिसाची मुदत संपायला अजून अवकाश होता, तेवढ्यात दुसरीकडे लागलं की फक्त व्हिसा बदलून घ्यायचा, घरी सांगायचं की पगार वाढला म्हणून कंपनी बदलली. रोज सकाळी अंघोळ करून तो ऑफिसांच्या पायऱ्या झिजवत होता. एका ठिकाणी दोनदा बोलावलंही होतं. "इन्शाल्ला म्हणाले," तो म्हणाला, आणि आम्ही तिघेही हसलो, कारण 'नक्की'पासून 'विसरा'पर्यंत त्या शब्दाचे किती अर्थ होतात ते इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

मी म्हटलं, "मग थांब की इथेच. ही खोली तुझी." तो थांबला, पण फार नाही. कारण आता फोन सुरू झाले होते. वहिनीचा भाऊ, काका, शाळेतला मित्र, ज्याला त्याला दादाची कीव करायची होती. "काळजी करू नको, होईल काहीतरी." दिवसातून कितीदा एखाद्या माणसाने हे ऐकायचं? आई रोज म्हणायची, परत ये, आपण मीठ-भाकरी खाऊ. चोरून धीर धरणारा माणूस सगळ्यांच्या देखत धीर धरू शकला नाही. एक दिवस म्हणाला, "तिकीट काढ माझं." मी भांडले, नवऱ्याने समजावलं. तो म्हणाला, "खलास. आता नको." जाताना व्हिसा रद्द करून गेला.

भाई मध्ये एकदा दुकानात भेटले. त्यांना दादाचं कुणीतरी सांगितलं होतं. म्हणाले, "ताई, मी तर तुमच्या भल्यासाठीच…" मला खूप काही बोलायचं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी नुसता मोबाइलचा स्क्रीनगार्ड घेऊन बाहेर पडले. जुना फुटला होता. त्यांनी बिलासाठी नंबर विचारला तेव्हा सांगितला नाही. त्याने आता काय होणार होतं?

दादा गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मला एका परक्या नंबरवरून फोन आला. बाई इंग्रजीत बोलत होती. दादाचं नाव घेऊन म्हणाली, त्यांचा फोन लागत नाही, त्यांनी मस्कतमधली जवळची व्यक्ती म्हणून तुमचा नंबर दिलाय. जागा पक्की झाली आहे, लगेच रुजू व्हायचंय. मी म्हटलं, तो भारतात गेलाय, व्हिसा पाठवलात तर उद्या येईल. ती म्हणाली, सॉरी मॅडम, आम्हाला इथेच असलेला माणूस हवा होता. आणि फोन ठेवला.

मला एका शब्दाने न सांगता तो दारोदार माझा नंबर देत फिरत होता.

दादा आता गावी पंपाची दुरुस्ती करतो. शुक्रवारी फोन त्याचाच येतो. आईचं सांगतो, पाऊसपाण्याचं सांगतो, आणि ठेवता ठेवता सहज विचारल्यासारखं विचारतो, "माझ्यासाठी कुणाचा फोन आला होता का गं?"

मी म्हणते, "नाही रे दादा."