पतंगाची शीव

तरवडाचं झुडूप दिसलं की आमचे शास्त्राचे गुरुजी धोतर सावरत बसकण मारायचे, एक डोळा मिटायचे आणि फुलात नाक खुपसायचे. काही दिसलं नाही तर दम मात्र आम्हाला. "दिसला न्हाय म्हंजी न्हायच, असं नसतंय!"

नळदुर्गच्या शाळेत मी आणि गुरुजी एकत्र शिकवायचो. गुरुजी शोधायचे तो नखाएवढा पिवळा पतंग. दिवसा तरवडाच्या फुलात असा झोपतो, की फूल कुठलं नि पतंग कुठला कळू नये. तरवड तर पार विजापुराकडं पसरलेला, मग हा पतंग माळावर मध्येच का थांबतो? गुरुजींना त्याची शीव शोधायची होती. सुट्टी लागली की निघायचे आणि शेवटचा पतंग दिसेल तिथं काठीला जुन्या धोतराची चिंधी बांधून रोवायचे. घाई होती. काचबिंदूनं डावा डोळा गेला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता.

नेमकी भाषेवरून राज्यांच्या सीमा नव्यानं आखायची ती वर्षं. काठ्या बघून एक गाव बिथरलं. म्हातारे पाटील डोक्याचा फेटा सावरत शाळेतच आले. "मास्तर, आमाला कुनीकडं टाकताय?"

"कुनीकडं न्हाय वो पाटील. ही पतंगाची शीव हाय."

"पतंगाला कशाला पायजे शीव?"

कोण विश्वास ठेवणार? गाव आपल्या मुलखात राहावं म्हणून लोकांनी सगळ्या काठ्या उपटून गावापलीकडं नेऊन रोवल्या. कित्येक वर्षांची मेहनत मातीत गेली. माझा तर संताप झाला. "सोडा आता गुरुजी," मी म्हणालो.

गुरुजींनी उरलेलं धोतर फाडायला घेतलं. पाटलांना एवढंच म्हणाले, "हलवायची तर हलवा काठी, पर आदी फुलात बघा."

आणि पहिल्यापासून सुरुवात केली. उजव्या डोळ्यात उजेड होता तोवर हिंडले. मग तोही गेला, आणि दोन वर्षांनी गुरुजी गेले. मला फार एकटं वाटलं.

पुढं तरवड फुलला असताना त्या माळावरून जाणं झालं. त्यांची शेवटची काठी जागेवर नव्हती. पुन्हा हलवली मेल्यांनी, असं पुटपुटत चाललो, तर बरीच पुढं, दुसऱ्या झुडपाशी ती उभी होती. तिला फेट्याची नवी चिंधी बांधलेली.

मी बसकण मारली. एक डोळा मिटला. फुलात पिवळा पतंग झोपला होता.

"गुरुजी, हाय वो!" म्हणत मी मागं वळलो. मागं नुसता माळ होता.