चाळीस बल्बांची माळ

सत्तरच्या दशकात धावड्याला आमच्या वस्तीतल्या विहारात लाइट आली आणि पहिल्याच वैशाखी पौर्णिमेला आमची फजिती झाली. सायकलच्या दिव्यातले तीस छोटे बल्ब एकामागे एक जोडून काकांनी माळ केली होती. संध्याकाळी ती झकास पेटली आणि ऐन वंदनेत विझली. एक बल्ब उडाला की अख्खी माळ बंद, त्यामुळे उरलेली वंदना कंदिलावर झाली. वर्षभर गावाने टोमणे मारले. काका गवंडी, हाताला सफाई, पण भलते तापट. त्यांनी सगळा दोष बल्बांवर ढकलला.

पुढच्या वर्षी वडिलांनी वस्तीसमोर सांगून टाकलं की माळ आमची पोरगी करेल. मी जालन्याला कॉलेजात सायन्सला होते. पोरीला एवढं शिकवून ती काय दिवे लावणार, असं काका घरात येताजाता म्हणत. आता माळ गेली असती तर माझं कॉलेजही गेलंच असतं.

सरांकडून मी प्रयोगशाळेतला व्होल्टमीटर मागून आणला. दिवेलागणीला काटा एकशे ऐंशीवर होता. थोड्या वेळाने पाहते तर दोनशे चाळीस! मीटर बिघडला म्हणून मी चरफडले, तेवढ्यात शिवारातली घरघर थांबल्याचं लक्षात आलं. वैशाखात विहिरी लवकर तळ गाठतात. पाण्याच्या मोटारी बंद झाल्या की त्यांच्यामुळे खाली गेलेलं व्होल्टेज वर चढतं.

मग विहाराच्या फरशीवर खडूने गणित मांडलं. बल्बवर लिहिलं होतं सहा व्होल्ट, पॉइंट तीन अँपिअर. भागाकार केला, रोध आला वीस ओहम. गुणाकार केला, पॉवर आली दोन वॅटहून जरा कमी. पण दोनशे चाळीस व्होल्ट तीस बल्बांत वाटले तर एकेकाला आठ येतात. करंट होतो पॉइंट चार आणि पॉवर तीन वॅटच्या वर. बिचारा बल्ब उडणार नाही तर काय करणार? चाळीस बल्ब लावले तर मात्र एकेकाला बराबर सहा व्होल्ट.

पौर्णिमेच्या संध्याकाळी माझी माळ आजाऱ्यासारखी मिणमिणत होती. बदनापूरचे पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. काका तावातावाने आले.

"पोरी, धा बल्ब काढ. लोकं हसून राह्यले."

"काका, मोटारी बंद होऊ द्या. मंग बघा."

मी बटणासमोरून हलले नाही. वडील शेजारी येऊन उभे राहिले.

वंदना सुरू झाली. शिवारातली एक मोटार थांबली, मग दुसरी. माळ उजळत गेली. घरघर पार बंद झाली तेव्हा विहाराची भिंत लख्ख दिसत होती, आणि एकही बल्ब उडाला नव्हता. वंदना संपली तरी माळ तशीच. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं.

जेवणाच्या पंगतीत काका पाहुण्यांना मोठ्याने सांगत होते, "चाळीसच पायजेत. एक बी कमी न्हाई. आमच्या पोरीचा हिशोब हाय."

मी वरणाची बादली उचलली आणि कुणाला वरण हवं असो नसो, त्याच पंगतीत पुन्हा पुन्हा फिरत राहिले.