मशीनवर डबे ठेवू नयेत

डॉक्टरांनी साखर बंद केली तेव्हा मला सगळ्यात आधी ऑफिसचा चहा आठवला. आमच्याकडे चहा एकाच पातेल्यात होतो. दूध, पाणी, पत्ती, आलं, पुदिना आणि साखर सगळं एकदमच आत जातं. त्यातून एकटी साखर मागे ठेवायची तर दुसरं पातेलं लागतं, आणि दुसऱ्या पातेल्याला मावशींची परवानगी लागते.

मावशी म्हणजे आमची पँट्री सांभाळणाऱ्या बाई. मूळच्या पारोळ्याकडच्या, आता कोसाडला राहतात. मीही खानदेशातलीच, त्यामुळे त्या माझ्याशी घरच्या बोलीतच बोलतात. मी त्यांना बिनसाखरेचं विचारलं.

"बिगरसाखरना चहा म्हंजे काढा," त्या म्हणाल्या. "आजारी शेत का तुम्ही?"

"हो."

"मंग घर बसा ना, ताई."

घरी बसणं शक्य नव्हतं. इथे गुजरातेत, सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत आमची कापड रंगवायची मिल आहे आणि तिथल्या डिस्पॅचचं काम माझ्याकडे आहे. फाटकातून जे बाहेर जातं त्याचा पास मी करते. कापडाच्या गाठी, रिकामे ड्रम, भंगार. एकदा शेठच्या मुलीच्या लग्नातल्या खुर्च्यासुद्धा. पासावर माझी सही नसेल तर चौकीदार शेठची गाडीही थांबवतो. त्याला मीच तसं सांगून ठेवलं आहे.

साखरेशिवाय पिता येईल असं पेय ऑफिसात आहे का, याचा मी विचार केला. पाणी होतं. आणि कॉफीचं मशीन होतं.

ते शेठनी बंगळुरूहून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी घेतलं होतं. खरं मशीन होतं, एस्प्रेसोचं, स्टीलचं, दोन माणसांनी उचलायचं, शेजारी बिया दळायची वेगळी चक्की. गिऱ्हाइकं आली, त्यांनी मशीनचं कौतुक केलं आणि चहा मागितला. त्यानंतर ते मशीन सगळ्यांचं झालं. हिशेब खात्यातल्या एकाने त्याच्या दांड्याच्या चाळणीत चहापत्ती आणि किसलेलं आलं भरून बघितलं. मावशींनी चक्कीत ताकासाठी जिरं दळलं. बाकीच्यांनी जाता-येता चक्कीची दळण जाड-बारीक करायची कळ फिरवून पाहिली, कारण ती फिरत होती.

पण मशीनचा खरा उपयोग वेगळाच होता. त्याच्या डोक्यावर कप गरम ठेवायचा एक पत्रा आहे. मावशी सकाळी आल्या आल्या मशीन चालू करायच्या आणि पत्र्यावर सगळ्यांचे डबे रचायच्या. ऑफिसात मायक्रोवेव्ह आहे, पण डबे सगळ्यांचे स्टीलचे, त्यामुळे मायक्रोवेव्हमध्ये मावशी टिश्यूपेपर ठेवतात. मशीनवरच्या रचनेला क्रम होता. भाकऱ्या खाली, डाळभाजी वर. मागचा कोपरा सगळ्यात तापतो, तिथे शेठचा डबा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं ऊन-ऊन.

मी ठरवलं की या मशीनमधून रोज एक चांगली कॉफी काढायची. लहान, काळी, बिनसाखरेची. दिवसाला एक.

पहिली कॉफी जिऱ्याची झाली. मी चक्की उघडून ब्रशने साफ केली. दुसरी कॉफी कडू, तिसरी आंबट, चौथी कडू आणि आंबट दोन्ही. मग मी ती घेऊन लॅबमध्ये गेले.

आमच्या लॅबचे प्रमुख लातूरकडचे. गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा पाठवतं आणि तंतोतंत तसा रंग जमवून द्यायचं काम ते करतात. त्यांनी कप रंग तपासायच्या उजेडाच्या पेटीत धरला. त्या पेटीत ते सगळंच धरतात.

"मॅडम, हे प्यायचं का रंगवायचं?"

"प्यायचं. पण जमत नाहीये."

"काय काय बदललंत?"

मी सांगितलं. कॉफी जास्त घेतली, दळण बारीक केलं, दाबलं जोरात आणि पाणीही बदललं.

"सगळं एकदमच? मग काय कळणार ओ? शेड जमवताना एका वेळी एकच गोष्ट हलवायची. बाकीच्यांना हात लावायचा नाही. हे तुम्हाला मी सांगायचं का? तुम्ही तर स्टेपलरला पण दोरी बांधता."

मला ते पटलं. त्यांनी लॅबमधला जुना बारीक वजनाचा काटा दिला, मात्र चांगल्या काट्याच्या आसपास कॉफीची पूड दिसली तर डिस्पॅचला लॅबचं दार बंद होईल असंही सांगितलं. मग मी रीतसर सुरुवात केली. बोअरचं पाणी बंद केलं, कारण त्याने मशीनच्या आत पांढरा थर धरतो. पिण्याच्या जारचं सुरू केलं. कॉफीचं वजन ठरवून टाकलं आणि ते हलवलं नाही. कपात उतरणारी कॉफी पुडीच्या दुप्पट वजनाची झाली की बंद करायचं, हेही ठरवलं. राहिलं दळण. ते रोज केसभर बारीक करत गेले. जाड असलं की पाणी नुसतं धावत येतं आणि आंबट लागतं. फार बारीक झालं की थेंब थेंब गळतं आणि कडू होतं. मधे कुठेतरी ती मधासारखी, उंदराच्या शेपटीएवढ्या धारेत येते. त्या दिवशी मी कप घेऊन लॅबमध्ये गेले. त्यांनी वास घेतला, पेटीत धरला, परत दिला.

"पास," ते म्हणाले. ते स्वतः चहा पितात.

आता जमलेली गोष्ट टिकवायची होती, आणि सगळ्यांच्या वापरातली गोष्ट टिकवायची तर नियम लागतात. चक्कीची कळ दुसऱ्या दिवशी पुन्हा कोणीतरी फिरवली होती. त्याच आठवड्यात एका डब्यातली आमटी सांडून पत्र्याच्या जाळीतून आत गेली आणि माझ्या कॉफीला दोन दिवस हिंगाचा वास येत होता. मी नियम लिहिले, मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घालून मशीनच्या वर चिकटवले. पहिला नियम: मशीनवर कोणाचाही डबा ठेवू नये. दुसरा: चक्कीत कॉफीशिवाय काहीही घालू नये. तिसरा: कळ फिरवू नये. चौथा: काम झाल्यावर मशीन बंद करावे.

मावशींनी कागद वाचला. "कोनाभी म्हंजे कोनाभी?"

"कोणाचाही."

"बरं."

नियम पाळले गेले. लोकांनी कुरकुर केली, पण माझ्याशी कोणी वाद घालत नाही. त्यात वेळ जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी सकाळी मशीन चालू करायचे, पत्र्यावर माझा एक कप पालथा घालायचे, तापलं की कॉफी काढायचे, पुसायचे, बंद करायचे. साधारण महिनाभर मी रोज उत्तम कॉफी प्यायले. कपाला चटका, वर बदामी साय, हिंगाचा लवलेश नाही. जेवताना हिशेब खात्यातून "थंडगार" असा शब्द अधूनमधून ऐकू यायचा. मी त्याची नोंद घेतली नाही.

मग एका दुपारी शेठ पँट्रीत आले. ते सहसा येत नाहीत. त्यांनी मशीनवर हात ठेवला. गार होतं.

"बेन, आ मशीन कोण वापरे छे?"

"मी वापरते, शेठ."

"बीजुं कोण?"

दुसरं कोणी आहे का, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. "बीजुं कोई नही."

"रोज एक कप?"

"एकच. साखरेमुळे."

शेठना साखरेशी माझा काय संबंध ते कळलं नाही, पण आकडा कळला. एवढं मोठं मशीन एका कपासाठी पडून राहणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. त्यांची मुलगी शहरात वेसूला राहते, तिच्याकडे पाहुणे फार. शनिवारी टेम्पो शहरात जाणारच होता, त्यातून मशीन तिच्याकडे पाठवायचं. "शनिवारे मोकली देजो," ते म्हणाले. "पास बनावी नाखजो."

म्हणजे माझ्या कॉफीचा गेटपास मीच करायचा होता.

माझ्याकडे पाच दिवस होते. पिणारे वाढले तर मशीन राहील, असा मी हिशेब मांडला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कॉफी दिली. हिशेब खात्यातल्या एकाने एक घोट घेऊन विचारलं, "दीदी, इसमें कुछ जल गया क्या?" दुसऱ्याने दूध आणि तीन चमचे साखर घातली, मग म्हणाला की आता चहासारखं लागतंय, तर चहाच काय वाईट. लॅब-प्रमुखांनी वास घेतला.

"तुम्ही तरी प्या," मी म्हटलं.

"मॅडम, तुमची शेड बरोबर आहे. पण ह्या शेडला बाजारात मागणीच नाही. आता कापड किती बी चांगलं असू द्या."

बुधवारी मी पाठपुरावा केला. कोणी चहा टाकत होतं, कोणाला ॲसिडिटी होती, एक जण मला बघून जिन्याने खाली गेला. गुरुवारी मी पास लिहायला घेतला. मालाचं नाव: कॉफी मशीन, एक. चक्की, एक. पुढे परत येणार की नाही असा रकाना असतो. तिथे मी "नाही" लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. सही शनिवारी करायची.

मशीन पुसायला पँट्रीत गेले तेव्हा मावशी ओट्यापाशी पुदिना निवडत होत्या.

"जाई राहिनं का मशीन?"

"शनिवारी."

"मंग ते वरनं पत्रं तरी ठी घ्या म्हना शेठले. खालनं लई जा म्हना."

"मावशी, पत्रा वेगळा निघत नाही. तो मशीनमुळेच तापतो."

"मंग मशीन ठेवा. डबा थंडा व्हयी जातंस. लोके शिव्या देतंस. मले नही, तुमले." त्यांनी काड्या बाजूला केल्या. "तुम्हना कागद लागना आनि मशीनना सोबती गया, ताई. पहिले सगळासना हात व्हता त्यावर."

मी कागदाकडे पाहिलं. तो चांगला होता. तिन्ही भाषांत एकही चूक नव्हती. मी वापरणारे शोधत फिरत होते, आणि वापरणारे सगळे मीच पहिल्या नियमाने काढून टाकले होते.

मी कव्हरमधून कागद काढला, पहिला नियम कात्रीने कापला, उरलेले परत चिकटवले. चौथ्याखाली पेनाने लिहिलं: मशीन जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालू ठेवावे.

"शुक्रवारपासून डबे ठेवा," मी मावशींना म्हटलं.

"कोनाभी?"

"कोणाचाही. सगळ्यांचे."

शनिवारी जेवणाच्या जरा आधी शेठ टेम्पोवाल्याला घेऊन वर आले. मी पास हातात धरून उभी होते. मशीन दिसत नव्हतं. खाली भाकऱ्या, वर डाळी, एकावर एक रचलेले डबे; मागच्या कोपऱ्यात शेठचा.

"आ शुं छे?"

"डबे, शेठ."

"कोना?"

"बधाना," हिशेब खात्यातला एक जण दारातून म्हणाला. सगळ्यांचे. त्याच्यामागे अजून बरेच जण होते. सुट्टी व्हायला थोडा वेळ होता, पण सगळ्यांना एकदमच भूक लागली होती.

टेम्पोवाल्याने वरचा डबा उचलला आणि झटकन खाली ठेवला. "सेठ, गरम है."

"खावानुं थया पछी लई जजो," लॅब-प्रमुख म्हणाले. त्यांची गुजराती वाईट आहे, पण अर्थ पोचला: जेवण झाल्यावर न्या.

 शेठनी हात लांब करून मागच्या कोपऱ्यातला आपला डबा चाचपला.

"मारो डब्बो रोज अहीं मूके छे?"

"पहलेसे, शेठ," मावशी म्हणाल्या. "बीच में बंद था. एक महीना. मॅडमने कागद लगाया था ना, किसीका भी नहीं रखना. तो मैंने किसीका भी नहीं रखा."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. त्यावर तसा नियम आता नव्हता.

"एटले महिनाथी मारी रोटली एटले ठंडी हती," ते म्हणाले. "ने हुं घरे बोलतो हतो." म्हणजे महिनाभर ते गार पोळ्यांवरून घरच्यांना बोलत होते.  टेम्पोवाला बोटावर फुंकर घालत होता. शेठनी डबा दोन्ही हातांनी उचलला आणि केबिनकडे निघाले.

"मशीन रेवा दो," ते जाता जाता म्हणाले.

मी पासावर आडवी रेघ मारून "रद्द" लिहिलं आणि सही केली.

मशीन आता सकाळपासून दुपारपर्यंत चालू असतं. डबे यायच्या आत मला कॉफी काढावी लागते. कप ठेवायला पत्र्यावर जागा नसते, म्हणून तो मी मशीनच्याच गरम पाण्याने विसळून घेते. चक्कीची कळ मी चिकटपट्टीने बांधली आहे. मावशी कधीकधी विचारतात की आज माझं मशीन कसं आहे, आणि मी त्यांना विचारते की त्यांचं कसं आहे. कॉफी चांगली होते. सोमवारी उत्तम होते. बुधवारी हिशेब खात्यात कोणीतरी लसणाचा ठेचा आणतं, त्या दिवशी मी कप घेऊन लॅबमध्ये जाऊन पिते.